अर्थव्यवस्थेचे श्रेय आणि दोष: देशाच्या नेत्याचा वाटा किती?

३ नोव्हेंबर १९९२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश निवडणूक हरले. मंदीने गांजलेल्या मतदारांनी त्यांना नाकारले, असे त्या निकालाचे वर्णन तेव्हा झाले आणि आजही होते. त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी, २२ डिसेंबर १९९२ रोजी, अमेरिकेतील तेजी-मंदीच्या तारखा निश्चित करणाऱ्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेच्या समितीने जाहीर केले की ती मंदी मार्च १९९१ मध्येच, म्हणजे मतदानाच्या २० महिने आधी संपली होती. मतदारांची समजूत सर्वस्वी चुकीची होती असे नाही. उत्पादन वाढू लागले तरी नोकऱ्या वाढायला वेळ लागतो, आणि जून १९९२ मध्ये बेरोजगारीचे प्रमाण ७.८ टक्क्यांवर पोहोचले होते. मंदीची सुरुवात जुलै १९९० मधली होती. पुढच्याच महिन्यात इराकने कुवेतवर आक्रमण केले, खनिज तेलाचा भाव काही आठवड्यांत जवळपास दुप्पट झाला आणि मंदी अधिक खोल गेली. मार्च १९९१ मध्ये सुरू झालेला वाढीचा काळ पुढे मार्च २००१ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे टिकला. त्याचे श्रेय बिल क्लिंटन यांच्या नावावर जमा झाले. त्या वाढीची पहिली जवळपास दोन वर्षे बुश यांच्या कारकिर्दीतली होती, हे फार थोड्या लोकांच्या लक्षात राहिले.

अर्थव्यवस्थेच्या बऱ्यावाईटाचा हिशेब नेत्याच्या खाती मांडताना ज्या अडचणी येतात, त्यातल्या बहुतेक सगळ्या या एका उदाहरणात दिसतात. कारण देशाबाहेरचे असू शकते, परिणाम उशिरा दिसतात, आकडे त्याहूनही उशिरा कळतात, आणि सत्ताबदलाच्या तारखा अर्थव्यवस्थेच्या चढउतारांशी जुळत नाहीत. म्हणून नेत्यांचा काहीच संबंध नाही असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. नेत्यांमुळे देश उद्ध्वस्त झाल्याची आणि काही वेळा सावरल्याचीही उदाहरणे इतिहासात आहेत. माझे मत असे की नेत्याच्या काळात विकासदर किती होता हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. त्याच्यापुढे आलेल्या परिस्थितीत, त्याच्या अधिकारातल्या निर्णयांनी काय फरक पडला, हे पाहायला हवे. आणि तसे पाहिले तर नेत्यांची बिघडवण्याची ताकद घडवण्याच्या ताकदीपेक्षा बरीच मोठी आणि वेगवान असल्याचे आढळते.

आधी नेत्याच्या हातात प्रत्यक्षात काय असते ते पाहू. कर आणि सरकारी खर्च ही दोन प्रमुख साधने आहेत, पण लोकशाही देशात दोन्हींसाठी कायदेमंडळाची संमती लागते. खर्चाचा फार मोठा भाग आधीच्या कायद्यांनी आणि कर्जांनी बांधलेला असतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा जवळपास तीन चतुर्थांश खर्च निवृत्तिवेतन, आरोग्य विमा यांसारख्या कायद्याने ठरलेल्या योजनांवर आणि कर्जावरील व्याजावर होतो. दरवर्षी ज्यावर खऱ्या अर्थाने निर्णय घेता येतो तो भाग उरलेला असतो. व्याजदर ठरवण्याचे काम बहुतेक मोठ्या देशांत मध्यवर्ती बँकेकडे आहे. याखेरीज आयात-निर्यातीचे नियम, उद्योगांवरील नियंत्रणे, परदेशांशी होणारे करार आणि महत्त्वाच्या पदांवरील नेमणुका नेत्याच्या प्रभावाखाली असतात. यांपैकी नेमणुकांकडे लोकांचे सर्वांत कमी लक्ष असते, पण त्यांचा परिणाम अनेकदा सर्वांत दूरवर पोहोचतो.

नेत्याच्या हाताबाहेरची यादी याहून मोठी आहे. जगातील तेलाचे व धान्याचे भाव, अमेरिकेतील व्याजदर, शेजारची युद्धे, साथीचे रोग, दुष्काळ, नवे तंत्रज्ञान आणि लोकसंख्येची वयोरचना यांपैकी एकही गोष्ट एखाद्या पंतप्रधानाच्या सहीने बदलत नाही. जपानमध्ये काम करण्याच्या वयातील लोकांची संख्या १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घटत आली आहे. त्यानंतरच्या जपानी पंतप्रधानांच्या काळातील विकासदर, ज्या देशात कामकरी लोकसंख्या वाढत आहे अशा देशाच्या विकासदराशेजारी ठेवून त्यांना नापास करणे हा सरळ अन्याय आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न आकड्यांच्या आधारे तपासण्याचे प्रयत्न केले आहेत, आणि त्यातला एक फार बोलका आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांनी ट्रुमन यांच्यापासून ओबामा यांच्या पहिल्या कारकिर्दीपर्यंतचा अमेरिकेचा इतिहास तपासला. डेमोक्रॅटिक अध्यक्षांच्या काळात वार्षिक विकासदर सरासरी ४.३३ टक्के होता आणि रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात २.५४ टक्के. हा फरक किरकोळ नाही. एवढ्यावरच थांबले असते तर तो एका पक्षाच्या प्रचाराला पुरेसा मजकूर होता. त्यांनी पुढे जाऊन विचारले की हा फरक आला कुठून. सरकारी खर्च, कर किंवा व्याजदर यांच्या धोरणांतून तो आल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तेलाच्या भावातील धक्के, उत्पादकतेतील वाढ, जागतिक परिस्थिती आणि ग्राहकांच्या अपेक्षा यांनी सुमारे निम्मा फरक समजावता आला आणि बाकीच्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही. स्वतः ब्लाइंडर क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळावर होते, तरीही हा निष्कर्ष त्यांनी स्पष्टपणे मांडला. मला ही गोष्ट आदराची वाटते.

निर्णय आणि परिणाम यांत किती अंतर असू शकते, याचे उत्तम उदाहरण १९८० च्या आसपासचे आहे. अमेरिकेत महागाई हाताबाहेर चालली होती आणि मार्च १९८० मध्ये ती वर्षाला १४.८ टक्क्यांवर गेली. त्याआधी ऑगस्ट १९७९ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख नेमले होते. व्होल्कर यांनी पतपुरवठा इतका आवळला की अल्पमुदतीचे व्याजदर २० टक्क्यांच्या घरात गेले. महाग कर्जामुळे कारखाने आणि बांधकामे थंडावली, आणि १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली. तोवर कार्टर १९८० ची निवडणूक हरून गेले होते. १९८३ मध्ये महागाई तीन टक्क्यांच्या आसपास आली, अर्थव्यवस्थेने उसळी घेतली, आणि १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले.

येथे श्रेय कोणाचे? महागाई मोडण्याचे मुख्य काम व्होल्कर यांचे. त्यांना नेमण्याचे श्रेय कार्टर यांचे, आणि ते आजही क्वचितच दिले जाते. रेगन यांचा वाटा मात्र शून्य नव्हता. बेरोजगारी दोन अंकी झालेली असताना मध्यवर्ती बँकेवर दबाव आणून व्याजदर उतरवण्याचा मोह त्यांना आवरला, आणि १९८३ मध्ये त्यांनी व्होल्कर यांचीच फेरनेमणूक केली. निर्णय न घेणे हाही काही वेळा महत्त्वाचा निर्णय असतो. तो आकड्यांत दिसत नाही, म्हणून त्याची नोंदही राहत नाही.

याच्या उलट वर्तन रिचर्ड निक्सन यांचे होते. १९७२ च्या निवडणुकीपूर्वी अर्थव्यवस्था तेजीत दिसावी यासाठी त्यांनी तत्कालीन मध्यवर्ती बँकप्रमुख आर्थर बर्न्स यांच्यावर सैल पतधोरणासाठी दबाव टाकला, हे व्हाइट हाउसमधील ध्वनिमुद्रणांवरून पुढे उघड झाले. ऑगस्ट १९७१ पासून किमती आणि वेतने सरकारी हुकमाने गोठवल्यामुळे महागाई तात्पुरती दबली. निक्सन यांनीही ४९ राज्ये जिंकली. नियंत्रणे उठली, ऑक्टोबर १९७३ नंतर अरब राष्ट्रांच्या तेलबंदीने तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला, आणि १९७४ च्या अखेरीस महागाई १२ टक्क्यांवर गेली. तेलाचा भडका निक्सन यांनी पेटवला नव्हता. तो पडला तेव्हा महागाईचे सरपण रचलेले होते, त्यात त्यांचा हात होता. मतदारांनी ज्या वर्षी त्यांना बक्षीस दिले, त्याच वर्षीची धोरणे पुढे सर्वांना महागात पडली.

नशिबाचा वाटा सर्वांत ठळकपणे दिसतो तो कच्चा माल निर्यात करणाऱ्या देशांत. डॅनिएला काम्पेलो आणि सेझार झुको या संशोधकांनी दाखवले आहे की दक्षिण अमेरिकेतील अशा देशांमध्ये राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता आणि फेरनिवडीची शक्यता यांचा अंदाज दोनच गोष्टींवरून बऱ्याच अंशी बांधता येतो: निर्यात होणाऱ्या मालाचे जागतिक भाव आणि अमेरिकेतील व्याजदर. या दोन्हींवर त्या अध्यक्षांचे काहीही नियंत्रण नसते. अमेरिकेतील तेल उत्पादक राज्यांचे मतदारही तेलाचा भाव वाढला की आपापल्या गव्हर्नरांना त्याचे श्रेय देतात, असे जस्टिन वोल्फर्स यांच्या अभ्यासात आढळले.

पण भाव नशिबाने मिळाला तरी त्या पैशाचे काय करायचे हे नशीब ठरवत नाही. व्हेनेझुएला आणि नॉर्वे या दोन देशांची तुलना मला या संपूर्ण विषयात सर्वांत शिकवणारी वाटते. ह्यूगो चावेझ १९९९ मध्ये सत्तेवर आले तेव्हा तेलाचा भाव पिंपाला दहा-बारा डॉलरच्या आसपास होता. जुलै २००८ मध्ये तो १४० डॉलरच्या वर गेला. एवढ्या मोठ्या प्रवाहात देशातील गरिबी कमी झाली आणि चावेझ लागोपाठ निवडणुका जिंकत गेले. मात्र त्याच काळात पुढच्या संकटाची तयारीही होत होती. २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतील सुमारे १८ हजार कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांच्याबरोबर तेल काढण्याचे कौशल्यही गेले. भाव पडतील तेव्हासाठी राखून ठेवण्याचा निधी १९९८ मध्ये स्थापन झाला होता, तो काही वर्षांतच रिकामा झाला. किंमती आणि परकीय चलन यांवर कडक नियंत्रणे आली, त्यामुळे देशात इतर काही पिकवणे वा बनवणे परवडेनासे झाले. चावेझ मार्च २०१३ मध्ये वारले. २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचा भाव कोसळला तेव्हा सत्तेवर निकोलस मादुरो होते. पुढील सात वर्षांत देशाची अर्थव्यवस्था सुमारे तीन चतुर्थांशाने आक्रसली आणि लक्षावधी लोकांनी देश सोडला.

मादुरो यांचा दोष मोठा आहे. तूट भरून काढण्यासाठी त्यांच्या सरकारने पैसा छापणे चालूच ठेवले. ऑगस्ट २०१७ नंतरच्या अमेरिकी निर्बंधांनीही नुकसानीत भर घातली, पण घसरण त्यापूर्वीच सुरू झाली होती. एकाला तेजीचे सगळे श्रेय आणि दुसऱ्याला पडझडीचा सगळा दोष देणे हा हिशेब मात्र चुकीचा आहे. पहिल्याच्या श्रेयातला मोठा भाग तेलाच्या भावाचा होता आणि दुसऱ्याच्या दोषातला मोठा भाग पहिल्याचा.

नॉर्वेत तेल सापडले १९६९ मध्ये. तेथील संसदेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नासाठी स्वतंत्र निधी स्थापन केला, त्यात १९९६ मध्ये पहिली रक्कम जमा झाली, आणि २००१ मध्ये असा नियम ठरला की निधीवर अपेक्षित असलेल्या वास्तव (महागाई वजा जाता उरणाऱ्या) परताव्याइतकेच, म्हणजे सुमारे चार टक्के, दरवर्षी खर्च करायचे. २०१७ मध्ये ती मर्यादा तीन टक्क्यांवर आणली गेली. निधी परदेशांत गुंतवला जात असल्यामुळे तेलाच्या पैशाने देशातील किमती आणि चलन भडकण्याचा धोकाही कमी राहिला. या यशावर कोण्या एका नेत्याचे नाव नाही. वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली, पण नियम टिकला. त्याचबरोबर हेही मान्य करायला हवे की तेल सापडण्यापूर्वीच नॉर्वेत सक्षम प्रशासन आणि स्थिर लोकशाही होती. व्हेनेझुएलाच्या कोणत्याही अध्यक्षाला ती सुरुवात मिळाली नव्हती.

अशा तुलनेत एक पद्धत दडलेली आहे. एकच धक्का अनेक देशांना बसतो तेव्हा कोण कसा वागला आणि कोणाचे काय झाले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. ज्या डॉक्टरकडे केवळ अत्यवस्थ रुग्ण येतात, त्याची परीक्षा किती रुग्ण दगावले यावर करता येत नाही. तसेच रुग्ण असलेल्या दुसऱ्या डॉक्टरशी ताडून पाहावे लागते. १९२९ नंतरची जागतिक महामंदी हा अशा तुलनेचा सर्वांत मोठा नमुना आहे. तेव्हा बहुतेक प्रमुख देशांची चलने सोन्याशी बांधलेली होती. सोने देशाबाहेर जाऊ नये म्हणून व्याजदर चढे ठेवावे लागत, आणि नेमके मंदीत पैसा आटत जाई. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णमान सोडले, अमेरिकेने १९३३ मध्ये, आणि फ्रान्सने १९३६ पर्यंत धरून ठेवले. बॅरी आयकेनग्रीन आणि जेफ्री सॅक्स यांनी दाखवून दिले की साधारणपणे ज्या क्रमाने देशांनी सुवर्णमान सोडले त्याच क्रमाने ते सावरले. धोरणाने फरक पडतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

तरीही येथे श्रेय वाटताना अडखळायला होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सुवर्णमान सोडण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला, त्यामुळे त्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. ब्रिटनमध्ये मात्र रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे राष्ट्रीय सरकार सुवर्णमान वाचवण्याच्या हेतूनेच ऑगस्ट १९३१ मध्ये बनले होते, आणि महिन्याभरात बाजाराच्या रेट्यापुढे त्याला तो सोडावा लागला. जे वाचवायला सरकार आले ते गमावल्यामुळे देशाचे भले झाले. फ्रान्सचे नेते अधिक निष्ठेने जुन्या नियमाला चिकटून राहिले आणि त्यांच्या जनतेला मंदी अधिक काळ सोसावी लागली. म्हणजे धोरणाचा परिणाम आणि नेत्याची दूरदृष्टी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत; परिणाम चांगला झाला म्हणून दूरदृष्टी होतीच असे गृहीत धरता येत नाही.

बिघडवण्याच्या ताकदीविषयी सुरुवातीला जे म्हटले, त्याकडे आता वळतो. लिझ ट्रस सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या. २३ सप्टेंबर रोजी त्यांच्या अर्थमंत्र्यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कोठून येणार हे सांगितले नाही, आणि अशा वेळी स्वायत्त संस्थेकडून जो वित्तीय अंदाज प्रसिद्ध होतो तोही प्रसिद्ध केला नाही. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत आजवरच्या नीचांकावर आला, सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले, आणि २८ सप्टेंबर रोजी बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी उतरावे लागले. २० ऑक्टोबर रोजी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. त्या वेळी जगभर व्याजदर वाढतच होते हे खरे, पण तेवढ्या दिवसांत तेवढी पडझड दुसऱ्या कोणत्याही श्रीमंत देशात झाली नाही. येथे दोष कोणाचा हे ठरवायला फारसे कष्ट पडत नाहीत. कोणत्याही नेत्याला पाच आठवड्यांत अर्थव्यवस्थेचे एवढे भले करता आल्याचे उदाहरण मला माहीत नाही.

तुर्कस्तानमध्ये हेच अधिक संथपणे घडले. व्याजदर वाढवल्याने महागाई वाढते, असे अध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोगान यांचे म्हणणे होते, जे प्रचलित अर्थशास्त्राच्या नेमके उलट आहे. त्यांनी २०१९ ते २०२१ या काळात मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर हटवले. सप्टेंबर २०२१ मध्ये १९ टक्के असलेला धोरणात्मक व्याजदर टप्प्याटप्प्याने ८.५ टक्क्यांपर्यंत उतरवण्यात आला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली. त्या वर्षी महागाई सगळीकडेच वाढली होती, पण कमाल पातळी अमेरिकेत ९.१ टक्के, ब्रिटनमध्ये ११.१ टक्के आणि युरो वापरणाऱ्या देशांत सरासरी १०.६ टक्के होती. जगाच्या वाट्याला आलेली महागाई वजा केली की उरते ती एका माणसाच्या हट्टाची. तरीसुद्धा मे २०२३ मध्ये एर्दोगान पुन्हा निवडून आले, आणि निवडणुकीनंतर त्यांच्याच नव्या अर्थमंत्र्यांच्या काळात व्याजदर ५० टक्क्यांपर्यंत चढवावा लागला.

याउलट, त्याच जागतिक महागाईसाठी इतर अनेक ठिकाणी सत्ताधाऱ्यांना सरसकट शिक्षा झाली. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष, अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्ष आणि जपानमध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष या भिन्न विचारांच्या पक्षांना मतदारांनी फटका दिला. साथीनंतर विस्कळीत झालेली मालवाहतूक, युक्रेन युद्धामुळे महागलेले इंधन आणि धान्य ही कारणे तिन्ही देशांत समान होती. अमेरिकेत २०२१ मध्ये वाटलेल्या मोठ्या सरकारी साहाय्याने त्यात काही भर घातली असे अनेक अर्थशास्त्रज्ञ मानतात, आणि तेवढ्यापुरता दोष तेथील सरकारकडे जातो.

श्रीलंकेच्या बाबतीत नशीब आणि करणी यांची गुंफण अधिक गुंतागुंतीची आहे. एप्रिल २०१९ मधील बॉम्बस्फोटांनी आणि पुढे साथीने पर्यटनाचे उत्पन्न बुडाले, त्याला अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे जबाबदार नव्हते. परदेशी कर्जाचा डोंगरही अनेक सरकारांनी मिळून उभा केला होता. पण २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणून सरकारचे उत्पन्न आटवणे आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवणे हे निर्णय त्यांचेच होते. खतबंदी त्याच वर्षी मागे घ्यावी लागली, एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जफेड थांबवली, आणि जुलैमध्ये अध्यक्षांनी देशाबाहेर पळ काढला. बाहेरचा धक्का त्यांना टाळता आला नसता. तो धक्का सोसण्याची देशाची ताकद मात्र त्यांच्या निर्णयांनी कमी केली.

एकाच माणसाच्या हाती किती सत्ता एकवटली आहे, यावर त्याचा वाटा मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. बेंजामिन जोन्स आणि बेंजामिन ओल्कन यांनी यासाठी एक कल्पक मार्ग शोधला. पदावर असताना नैसर्गिक कारणाने किंवा अपघाताने मृत्यू पावलेल्या नेत्यांची त्यांनी यादी केली, कारण असा मृत्यू अर्थव्यवस्था कशी चालली आहे हे पाहून येत नाही. त्याच्या आधी आणि नंतर विकासदरात फरक पडला, तर तो नेता बदलल्यामुळे पडला असे मानायला आधार मिळतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की हुकूमशाहीत नेता बदलल्याने विकासदरात लक्षणीय फरक पडतो, लोकशाहीत तसा फरक आढळत नाही. माओ झेडाँग यांचे उदाहरण यात सहज समोर येते. १९५८ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’ या शेती आणि उद्योग झपाट्याने वाढवण्याच्या मोहिमेनंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली, आणि सप्टेंबर १९७६ मध्ये ते वारल्यानंतर दोनच वर्षांत डंग श्यावफिंग यांच्या पुढाकाराने सुधारणा सुरू झाल्या. लोकशाहीतील नेत्याला संसद, न्यायालये, राज्य सरकारे आणि स्वायत्त संस्था अडवतात. त्यामुळे त्याचे चमत्कारही मर्यादित राहतात आणि अनर्थही. दुष्काळात मेलेल्यांची संख्या आठवली की हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

लोकशाहीत मोठा बदल घडतो तो बहुधा संकटाच्या वेळी, कारण तेव्हा नेहमीचा विरोध सैलावतो. भारतातील १९९१ च्या सुधारणा याच प्रकारातल्या. १९८० च्या दशकात वाढत गेलेली तूट आणि कुवेत युद्धामुळे महागलेले तेल यांमुळे परकीय चलनाचा साठा केवळ दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता. संकट पी. व्ही. नरसिंह राव यांनी निर्माण केले नव्हते, आणि बाहेर पडण्याचे सगळे मार्गही त्यांनी एकट्याने शोधले नव्हते. परवाना पद्धत सैल करण्याचा विचार प्रशासनात आधीपासून चालू होता. पण सभागृहात बहुमत नसताना त्यांनी मनमोहन सिंग यांना अर्थमंत्री नेमले आणि जुलै १९९१ मधील अवमूल्यन व नवे औद्योगिक धोरण राजकीय विरोध अंगावर घेऊन तडीस नेले. संकटामुळे दार उघडले होते, हे खरे. तसेच दार उघडले असूनही आत न शिरलेले नेते अनेक देशांत होऊन गेले, हेही तितकेच खरे.

आकड्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा वाद त्यांच्यावर उभा असतो. ब्रिटन २०१२ मध्ये दुसऱ्यांदा मंदीत गेल्याचे जाहीर झाले आणि त्यावरून सरकारवर टीकेची झोड उठली. जून २०१३ मध्ये सुधारित आकडे आले तेव्हा ती दुसरी मंदी झालीच नव्हती असे दिसले. अमेरिकेत २००८ च्या शेवटच्या तिमाहीतील घसरणीचा पहिला अंदाज वार्षिक ३.८ टक्के होता, पुढे तो आठ टक्क्यांहून अधिक निघाला. ओबामा सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये अर्थव्यवस्थेला आधार देणारी योजना आखली, ती घसरणीची खरी खोली कळण्यापूर्वी. लोकांचे स्वतःचे आकलनही पक्षनिष्ठेने रंगते. २०१६ आणि २०२० या दोन्ही निवडणुकांनंतर अमेरिकेतील पाहण्यांत एका पक्षाच्या समर्थकांना अर्थव्यवस्था अचानक बरी आणि दुसऱ्या पक्षाच्या समर्थकांना अचानक वाईट वाटू लागली, तेवढ्या दिवसांत अर्थव्यवस्थेत तसा कोणताही बदल झालेला नसताना.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: मतदाराने एवढा विचार करावा कशाला? अर्थव्यवस्था बिघडली की सत्ताधारी बदलायचे हा सोपा नियम नेत्यांना धाकात ठेवतो. आक्षेपात तथ्य आहे, पण नियमाची किंमतही मोठी आहे. मतदार केवळ शेवटच्या वर्षाचा आकडा पाहणार असतील, तर नेता शेवटच्या वर्षाचा आकडा सजवण्याच्या मागे लागतो. मुलांचे पोषण, शाळांचा दर्जा, न्यायालयांची गती, करवसुलीची प्रामाणिक यंत्रणा यांची फळे दहा-वीस वर्षांनी येतात, आणि तोवर श्रेय घ्यायला दुसराच कोणी बसलेला असतो. गरीब घरातल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान या हिशेबामुळे होते, म्हणून हा वाद मला केवळ अभ्यासाचा वाटत नाही.

एकाच्या निर्णयाचे श्रेय दुसऱ्याला मिळते, हे जर्मनीत घडताना दिसले; तेथे खरे श्रेय कोणाचे हाही वादच राहिला. तेव्हाचे चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, गेऱ्हार्ड श्र्योडर यांनी मार्च २००३ मध्ये श्रमबाजार आणि बेकारी भत्त्यांच्या सुधारणांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यांच्या स्वतःच्या पक्षात त्यावरून फूट पडली, २००५ च्या सुरुवातीला नोंदणीकृत बेरोजगार ५० लाखांच्या वर गेले, त्यातला काही भाग मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे वाढला होता, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांचा थोडक्यात पराभव झाला. त्यांच्यानंतर आलेल्या अँगेला मेर्केल यांच्या काळात बेरोजगारांची संख्या ३० लाखांच्या आसपास आली आणि २००८ च्या जागतिक संकटातही ती फारशी वाढली नाही. अनेक वर्षे त्याचे श्रेय मेर्केल यांना मिळाले, नंतर बऱ्याच विश्लेषकांनी ते श्र्योडर यांच्याकडे वळवले. पुढे क्रिस्टियान डुस्टमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगळेच मांडले: जर्मन उद्योगाची स्पर्धाक्षमता १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच सुधारत होती, आणि तिचे मुख्य कारण कामगार संघटना व मालक यांनी कारखान्याच्या पातळीवर वेतन आणि कामाचे तास यांविषयी केलेले लवचिक करार हे होते. ते करार सरकारने घडवून आणलेले नव्हते.